‘तुम्ही’ की ‘आपण’

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत मी आठवड्यातून दोनदा, ऑफिस सुटल्यावर जात असे. बियाण्यांच्या कंपनीत मी टायपिस्ट होते. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. परदेशातल्या एका मिशनने येशूची ओळख करून देणारे धडे इंटरनेटवर टाकायला घेतले होते आणि मराठी धड्यांसाठी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी माझं नाव सुचवलं. धडे इंग्रजीत यायचे. मी ते मराठीत करायचे आणि वाचणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरंही द्यायचे. तिकडचं सगळं एक वयस्कर बाई पाहायच्या. भारत त्यांनी पाहिला नव्हता.

माझं मराठी टायपिंग पक्कं होतं, इंग्रजीही बरं होतं. हे काम आपल्याइतकं बराबर जिल्ह्यात कोणी करणार नाही, असं मला वाटायचं. आजही वाटतं.

पत्रं मात्र निराळीच यायची. कोणी परदेशात नोकरी मागायचं, कोणी फुकट पुस्तक. धड्यात काय लिहिलंय याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

मग एक पत्र आलं. तेव्हा मेलमध्ये मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. लिहिणारी जुन्या जालन्यातली एक शिक्षिका होती. नोकरीसाठी सक्तीचा कंप्युटर कोर्स करताना मराठीत काय काय सापडतं ते शोधत ती आमच्या पानावर पोचली होती. पत्रात एकच प्रश्न होता: तुमच्या धड्याची पहिली ओळ ‘तुम्ही पापी आहात’ अशी आहे, ती तुम्ही कोणाला उद्देशून लिहिली?

चार ओळींचं ठरीव उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण ते पाठवायला हात धजेना. गाव एकच, तर भेटूनच बोलू, असं मी कळवलं आणि रविवारी दुपारी तिच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं नेटकं घर होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. तिने आधी चहा केला, माझ्या माहेरची, ऑफिसची चौकशी केली. मग अगदी शांतपणे बोलली.

“ताई, माझ्या आज्याच्या सावलीला गावात विटाळ म्हणायचे. मागच्या जन्माचं पाप हाय तुमचं, असं तोंडावर सांगायचे. त्याच्यातून आम्ही बाहेर आलो. आता तुम्ही कंप्युटरवरून तेच सांगून राह्यल्या.”

मी म्हणाले, आमच्या पुस्तकात ते सगळ्यांनाच सांगितलंय. राजालाही, पुजाऱ्यालाही, मलाही.

“मंग तसं लिहा ना. हे ‘तुम्ही’ कशाला? स्वतःला धरून लिहा.”

 माझा आजाही तसल्याच वस्तीतून आलेला. ‘मी पापी’ हे शब्द मी लहानपणापासून प्रार्थनेत म्हणत आले, पण ते दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हटले की कसे लागतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रिक्षात बसेपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती आणि स्टेशन येईपर्यंत काय करायचं ते ठरलं होतं.

पहिला धडा मी बाजूला ठेवला. त्याच्या जागी विहिरीची गोष्ट घेतली. भर दुपारी येशू दमून विहिरीवर बसतो आणि ज्या जमातीच्या भांड्याला त्याचे लोक शिवत नाहीत, त्या जमातीच्या बाईकडे प्यायला पाणी मागतो. पापाची गोष्ट नंतरच्या धड्यात, आणि तिथे सगळीकडे ‘आपण’.

मिशनच्या बाईंनी नकार कळवला. सगळ्या भाषांत धड्यांचा क्रम एकच आहे, तो मोडता येणार नाही. मी लांबलचक उत्तर लिहिलं. तुमच्याकडे ‘वी’ या एकाच शब्दावर भागतं. आमच्याकडे ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की आत येतो. पाणी कोणाच्या हातचं प्यायचं यावरून आमच्याकडे माणसं तुटली आहेत, म्हणून गोष्ट विहिरीपासूनच सुरू होईल. हे मान्य नसेल तर मराठीचं काम दुसऱ्या कोणाला द्या, हेही स्पष्ट लिहिलं.

 नवव्या दिवशी त्यांनी दोन ओळी पाठवल्या. क्रम बदला, आणि ‘आपण’ कसं वापरतात ते मला नीट समजावून सांगा. पुढे त्यांनी तेलुगू आणि गुजरातीवाल्यांनाही तेच विचारलं. त्यांच्याकडेही असे दोन शब्द निघाले. तोवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर पत्रांचा नूर पालटला. राजूरकडच्या एका बाईने तिच्या गावातल्या दोन विहिरींबद्दल दोन पानं लिहून पाठवली. नोकरी मागणारे होतेच, पण वाद घालणारेही भेटू लागले, आणि मला ते जास्त आवडायचे.

शिक्षिकेने चार धडे वाचले आणि ती थांबली. “मला पटलं ते मी घेतलं. बाकीचं तुमच्यापाशी राहू द्या,” असं तिने हसत सांगितलं. मला वाईट वाटलं. मी तिच्यासाठी प्रार्थना करायचे, आणि हे तिला ठाऊक होतं. तरी पुढची चार वर्षं प्रत्येक नवा धडा छापून मी आधी तिच्याकडे न्यायचे. लाल पेनाने ती माझे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायची, आणि एखादं वाक्य उपदेशाकडे झुकलं की त्याच्याखाली रेघ ओढायची. अशी वाक्यं मी बिलकुल वाद न घालता काढून टाकत असे.