पेडणेकर आणि वरची ओळ

अंधेरीच्या एका औषध वितरण कंपनीत चंद्रप्रकाश पेडणेकर गेली सव्वीस वर्षं साठ जुने प्रोग्राम सांभाळत होते. वडील गिरणीत मागावर होते. मुलगा कॉम्प्युटरवर बसला म्हणून त्यांनी भांडुपच्या अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. तेव्हापासून पेडणेकर कॉम्प्युटरचं जरा जास्तच मनावर घेत.

प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ असे. ‘स्टॉक’ हे टोपणनाव कोणत्या डेटाबेसचं, ते तिथे जाहीर केलेलं. चाचणीसाठी टेस्टचा डेटाबेस, कामासाठी खरा. काही बदल झाला की पेडणेकर साठही फाइली उघडत, ती ओळ हाताने टेस्टची करत, फाइल कंपाइल म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून घेत, आणि चाचणी संपली की पुन्हा हातानेच खऱ्याची. यात दोन दिवस जात. त्या दोन दिवसांत त्यांना कोणी चहालाही विचारत नसे.

नवीन आलेली श्वेता एकदा म्हणाली, “सर, कंपाइल करताना ऑप्शन देता येतो ना. मग वरची ओळ काहीही सांगू दे, कंपायलर आपण दिलेलाच डेटाबेस धरतो.”

“माहितीय गं,” पेडणेकर म्हणाले. माहीत नव्हतं. “पण असं मशीनवर सोडून चालत नाही.”

पुढच्याच चाचणीनंतर, एका गुरुवारी, एक फाइल टेस्टवरच राहिली, आणि तीही नेमकी पार्सलांची लेबलं छापणारी. शुक्रवारी दुपारी मुलुंडहून गाडीवरच्या हर्षदचा फोन आला.

“साहेब, खोकल्याच्या औषधाचे बारा बॉक्स आहेत. पत्ता लिहिलाय महाराज विक्रमसिंह, राजवाडा, चंद्रलोक. हे चेकनाक्याच्या अलीकडे की पलीकडे?”

टेस्टच्या डेटाबेसमध्ये ही खोटी गिऱ्हाइकं पेडणेकरांनीच सवडीने, हौसेने भरली होती. त्यांचे कान तापले. “परत आण,” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि ते खुर्ची ओढत श्वेताच्या टेबलाशी गेले.

“तो ऑप्शन मला माहितीय. पण तू कसा लिहितेस, ते बघू दे.”

श्वेताने हसू गिळलं आणि लिहून दाखवला. साठ प्रोग्राम अकरा मिनिटांत कंपाइल झाले. लेबलांवर मुलुंडचे खरे केमिस्ट उमटले, आणि हर्षद कुरकुरत का होईना, संध्याकाळी पुन्हा निघाला.

हल्ली पेडणेकर तोच ऑप्शन वापरतात. त्यातून वाचलेल्या वेळात साठही फाइली एकेक करून उघडतात. श्वेताने कारण विचारलं, तर म्हणाले, “नुसतं बघतो गं. हात लावत नाही.”