आईच्या नावावरचं माझं दुखणं

“हिला काही नाही हो, मलाच दाखवायचंय,” आई शेजारच्या बाईंना सांगत होती. “ही आपली सोबत आलीय.”

उस्मानपुऱ्यात सांधेवाताच्या डॉक्टरांकडे आम्ही नंबर लावून बसलो होतो. फाईल माझी होती. आईनं ती नावाची बाजू खाली करून मांडीवर ठेवली होती. बाई पाचोडच्या निघाल्या, आणि आमची निम्मी सोयरीक तिकडचीच. माझ्यासाठी स्थळं बघायला लागल्यापासून आईनं माझं दुखणं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

“काय व्हतं वं तुमाला?” बाईंनी विचारलं.

“सकाळी बोटं आखडतात. मूठच मिटत नाही.”

“मगाशी तर लई झपाझपा आलात.”

“हातांचं आहे ना. पाय चांगलेत.”

बाई माझ्याकडे वळल्या. “आईला भांडी घासू देत जाऊ नको गं.”

मी मान हलवली आणि मोबाईलमध्ये बघत बसले. घरात माझ्या दुखण्याविषयी बोलणारी आई एकटीच, आणि तीही ते स्वतःचं म्हणून सांगायची. मग मी काय बोलणार? बाथरूमचं दार लावून बोटं सैल व्हायची वाट बघायची, एवढंच माझ्याकडे उरलं होतं. ते तर आईलाही ठाऊक नव्हतं.

आमचा नंबर आला. या डॉक्टरांकडे एक पेशंट तपासताना पुढच्यालाही आत बोलावून भिंतीकडच्या बाकावर बसवतात. पुढचा नंबर त्या बाईंचाच होता. तपासायच्या स्टुलावर मी बसले तेव्हा मागे त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. आईचे कान लाल झाले.

“आताच्या गोळ्या पुरत असतील तर त्याच ठेवू,” डॉक्टर मला म्हणाले. “नसतील तर इंजेक्शन सुरू करावं लागेल, तेही लवकर. बोटं एकदा वाकडी झाली की सरळ होत नाहीत. म्हणून रोजची कामं विचारतो. बटणं लावता येतात?”

“सगळं करते ही,” आई म्हणाली. “पोळ्यासुद्धा. कधीमधी जरा दुखतं, बाकी काही नाही.”

“नळ बंद करता येतो?”

आई उगाच हसली. “आमचा नळच गळका आहे, डॉक्टर. पाणी येतं आठवड्यानं आणि हा रात्रंदिवस ठिबकतो. परवा वॉशर बदलून घेतला, तरी तेच.”

“बरं. मग गोळ्या त्याच,” म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं. आईनं सुस्कारा सोडला. तिची भीती मला कळत होती. मागच्या बाकावर बसलेलं पाचोडही मला पाठीला जाणवत होतं. मी माझ्या बोटांकडे बघितलं. अजून तरी ती सरळ होती.

“नळ चांगला आहे,” मी म्हणाले. “मला तो घट्ट फिरवता येत नाही.”