पोरी नही ते पोरे बी नही

कमलअक्कांच्या पुढच्या खोलीत कोणी डोकावलं, की ओट्यावर भाजी निवडता निवडता त्या विचारायच्या, "हातमा पुस्तक शे का? नही? मंग जाय."

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी धरणगावच्या घरातली ती खोली भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना दिली होती. मी शेजारी राहते, शाळेत गणित शिकवते. अडलेली गणितं माझ्याकडे यायची. सगळ्यांत तल्लख वैशाली.

मोबाइल दिला की मुलगी बिघडते, हे तिच्या वडिलांचं, नानांचं मत. म्हणून वैशाली गणिताचे व्हिडिओ खोलीतच अभ्यासाला येणाऱ्या राकेशच्या मोबाइलवर पाहायची आणि मग त्यालाही गणित शिकवायची. कुणीतरी खिडकीतून दोघांचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. राकेश दुसऱ्या जातीचा. झालं. ओट्यासमोर माणसं जमली. पोरं बसू देत, पोरी बंद करा, असा हुकूम सुटला. फोटोत मोबाइलवर गणित दिसत होतं. ते पाहायची एकालाही गरज वाटली नाही. आजही आठवलं की डोकं फिरतं.

अक्का एवढंच म्हणाल्या, "नाना, पोरले मोबाइल तुम्ही दिधा नही. मंग ती दुसराना मोबाइलमा पाही, नही ते काय करी?"

मग त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून खोलीला कुलूप लावलं. "पोरी नही ते पोरे बी नही."

परीक्षा तोंडावर होती. हुकूम सोडणारेच पोरांसाठी विनवायला आले. अक्कांनी कोथिंबिरीवरून मानही वर केली नाही. शेवटी त्याच माणसांनी घरोघर जाऊन मुलींना परत बोलावलं. सगळ्या आल्या, वैशाली सोडून. नानांनी घाईघाईने तिचं धुळ्याला लग्न लावून टाकलं.

राकेश पोलिसात लागला. गावाने सत्कार ठेवला, शाल द्यायला अक्कांना बोलावलं. अक्कांनी शाल दिली आणि माइक हातात घेतला.

"याले गणित शिकाडनारी पोर धुळ्याले भांडा घसी ऱ्हायनी. तिन्हा सत्कार कव्हय करशात?"

कुणीतरी माइक बंद केला. अक्कांनी कार्यक्रमाचा विचका केला, असं लोक त्या वारल्यावरही म्हणत होते.

खोली आता मी चालवते. नानांची धाकटी यंदा बारावी झाली. तिला कधी पाठवता, असं परवा त्यांच्या घरी जाऊन विचारलं. नाना म्हणाले, बघू. लग्नाआधी वैशालीला खोलीत परत पाठवा म्हणून अक्का गेल्या होत्या, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

ते ऐकून अक्का परत आल्या होत्या. मी मात्र नानांच्या दारातच बसले.