लोळोबाचा पडलेला कान

केकमावशीला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर "थोडंसंच लिहायचंय" या वाक्याचा. अर्धा किलोचा केक, वर तळहाताएवढी जागा, आणि गिऱ्हाईक सांगणार, "थोडंसंच लिहायचंय मावशी. आमच्या लाडक्या सोनुल्याला आजी, आजोबा, काका, काकू आणि समस्त परिवाराकडून वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

"बाई, केक आहे हा. लग्नपत्रिका नाही," मावशी म्हणायची. आणि तरी लिहायची. चडफडत, श्वास रोखून, क्रीमचा कोन तिरका धरून, 'शुभेच्छा' केकच्या कडेवरून खाली उतरवत.

दोन खोल्यांचं घर. त्यातल्या स्वयंपाकघराचं तिने कधी कारखान्यात रूपांतर केलं ते नवऱ्याच्या लक्षातही आलं नाही. तो पाणीबिलाच्या कार्यालयात खिडकीवर बसून दिवसभर लोकांची बोलणी खायचा आणि घरी आला की फ्रिज उघडल्याबद्दल बायकोची. खिडकीशी ओव्हन, ओव्हनच्या वर देवाची छोटी तसबीर. बटण दाबण्याआधी ती हात जोडायचीच. दार बंद झाल्यावर आत काय होतं ते आपल्या हातात नसतं, असं तिचं म्हणणं. केक फुगला की देवाची कृपा, बसला की तिची चूक. असा साधा हिशेब होता.

लोळोबा हा असाच तिच्या चुकांतून जन्मला.

भाचीचा, म्हणजे नणंदेच्या मुलीचा, दुसरा वाढदिवस होता. नणंद नवऱ्यापेक्षा लहान, घरात सगळे तिला बेबी म्हणतात. आता ती एका शाळेच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे, तरी बेबीच. बेबीला सशाचा केक हवा होता. मावशीने साखरेचा लगदा मळून ससा केला. त्या दिवशी उकडत असं होतं की लगदा हातात घामेजला आणि एक कान धपकन खाली आला. उभा केला, पुन्हा आला. डोळे काढायला गेली तर काळा रंग फिसकटला, म्हणून त्यावर पापण्या चिकटवून डोळे मिटून टाकले. आणि वरताण म्हणजे केकच मधोमध बसला. तो खड्डा झाकायला तिने सशाला सरळ पोटावर पालथा घातला.

"वहिनी, हा ससा आहे की आजारी माणूस?" बेबीने विचारलं.

बेबीचा नवरा मागून वाकून म्हणाला, "आजारी कसला, रविवारचा मी आहे तो. लोळोबा." बेबी त्याच्याकडे वळून जी हसली, ती हसतच राहिली. मावशीने तेवढ्यात फोटो काढला. भाचीने केक खाऊ दिला, पण लोळोबाला हात लावू दिला नाही. पुढच्या वर्षी मावशीने चांगला दोन्ही कान ताठ असलेला ससा केला, तर पोरीने भोकाड पसरलं. कान पाडून दिला तेव्हा गप्प झाली.

तेव्हापासून आळीत लोळोबा सुरू झाला. मुलं आईचा पदर ओढून सांगायची, लोळोबाच हवा. मावशी कुरकुरायची, "एवढी शिकले, गुलाब येतात, मोर येतो, आणि लोकांना हवं काय, तर हे झोपाळू ध्यान." पण करताना तिचा हात हळू व्हायचा. पोटचं पोर नव्हतं तिला. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही, पण कान दुमडताना ती लोळोबाशी बोलायची, हे नवऱ्याने दाराआडून ऐकलं होतं.

मग नोटीस आली.

मोठ्या चौकात काचेचं मोठं दुकान आहे, त्यांच्या पाच-सहा शाखा आहेत. त्यांच्या वकिलाकडून जाड कागद आला. नवऱ्याने चष्मा पुसून वाचला, "आमच्या अशिलाच्या 'स्लीपी' या नोंदणीकृत पात्राची आपण विनापरवाना नक्कल करून विक्री करीत असून..." खाली चित्र होतं. एक कान पडलेला, डोळे मिटलेले, पोटावर पालथा.

मावशीचे हात मैद्याने भरलेले होते, म्हणून तिने कोपराने कागद स्वतःकडे वळवला. बराच वेळ पाहिलं.

"पोटावर का झोपलाय विचारा त्यांना," ती म्हणाली. "माझा केक बसला होता. यांचं काय बसलं होतं?"

"अगं, त्यांनी नोंदणी केलीय."

"मग मी काय केलंय?"

"तू केक केलेस," नवरा म्हणाला. हे तो चिडवायला म्हणाला नव्हता, पण त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

वकीलबाई गिऱ्हाइकांपैकीच. तिच्या जुळ्यांना दर वर्षी दोन लोळोबा लागायचे. तिच्या कचेरीत फायलींच्या चळतीवर फायली, आणि त्यांच्यावर एक पंखा, जो फक्त कागद उडवायचा. तिने नोटीस वाचून मान हलवली. "ताई, तुमचा आहे हे मला माहीत आहे. माझ्या पोरांनी खाल्लाय. पण कायद्याला लागतो पुरावा. त्यांच्या नोंदणीच्या आधीचा, तारीख असलेला. तुमचं ते ऑनलाइन पान?"

"ते यांनी गेल्या वर्षी उघडून दिलं."

"नोंदणी त्याच्या आधीची आहे. जुने फोटो?"

जुना फोन साखरेच्या पाकात पडून वारला होता. मावशीने आळीभर फोन केले. एकीने फोन बदलला होता. एकीने फोटो पाठवला, त्यात केक कापून झालेला आणि लोळोबाचा फक्त पार्श्वभाग. तिसरी म्हणाली, "सॉरी हं मावशी, मुलांचे फोटो आम्ही कुठेच देत नाही. काय सांगता येतं आजकाल." हीच बाई पोराच्या बाटलीपासून बुटापर्यंत सगळं रोज जगाला दाखवायची, पण हे मावशीने मनातच म्हटलं. चौथीने आनंदाने फोटो दिला, तर तो नोंदणीनंतरचा निघाला.

"देवा, तुझं बरं आहे," ती ओव्हनपुढे म्हणाली. "तू सगळं बघितलंस, तुला कुणी तारीख विचारत नाही."

शेवटी नवऱ्याला आठवलं. घरच्या समारंभांचे फोटो तो कचेरीतल्या मित्राच्या सांगण्यावरून एका हार्ड डिस्कच्या डबीत साठवत असे. डबी संगणकाला जोडली, आणि निघाला. पहिला लोळोबा, अख्खा, लख्ख, तारखेसकट. आणि त्याच्या मागे बेबी, आपल्या नवऱ्याकडे वळून हसणारी.

बेबी त्या नवऱ्यापासून वेगळी होऊन चार वर्षं झाली होती. का, ते तिने माहेरी अर्धंच सांगितलं, आणि अर्धंच पुरेसं होतं. त्यानंतर तिने घरातल्या प्रत्येक फोटोतून तो माणूस काढला, आणि जिथे काढता आला नाही तिथे फोटोच काढून टाकला.

"पाठवून टाकू वकीलबाईला," नवरा म्हणाला.

"बेबीला विचारायला नको?"

"तिला कशाला त्रास? फोटो तू काढलायस."

वकीलबाईनेही फोनवर तेच सांगितलं, आणि वर कायद्याचा शिक्का मारला. "फोटो ज्याने काढला, त्याचा त्यावर हक्क. तुम्हीच काढलाय ना? मग प्रश्नच नाही."

"चेहरा तिचा, हसू तिचं, आणि हक्क माझा?"

"हो, साधारण तसंच."

"बाकीची तोंडं कापून नुसता केक ठेवला तर?"

"मग ते म्हणणार, खाडाखोड केली. मूळ फोटो मागणारच. तो त्यांचे वकील बघतील, कारकून बघतील. प्रकरण पुढे गेलं तर आणखी कोणकोण."

मावशीने फोन ठेवला आणि लगदा मळायला घेतला. इतका मळला की तो चिवट होऊन फुकट गेला. त्या काचेच्या दुकानातही कुणीतरी असंच म्हणालं असेल, तिला वाटत राहिलं. कशाला विचारायचं तिला, कायद्याने आपलंच आहे.

रविवारी बेबी लेकीला घेऊन आली. मावशीने आडवळण घेतलं नाही. तिला येतच नव्हतं. संगणकावर फोटो उघडून समोर ठेवला.

बेबीने पाहिलं आणि लगेच मान फिरवली. "नाही, वहिनी."

"अगं, फक्त वकिलांना—"

"मी त्याच्याकडे बघून हसतेय त्यात. मी खरंच खूश होते तेव्हा. ते मला कुणाला दाखवायचं नाही. पुसून टाक."

"पुसून टाक काय?" नवरा मधे पडला. "वहिनीचं इतक्या वर्षांचं काम जातंय आणि तुला तुझ्या हसण्याची पडलीय?"

"अहो, तुम्ही गप्प बसा," मावशी म्हणाली. राग तिलाही आला होता. बेबीचा, दुकानाचा, कायद्याचा, त्या रविवारच्या उकाड्याचासुद्धा. पण कुणाचा किती, ते तिलाच कळेना. "नाही म्हणतेय ना ती. संपलं. पुसायचा तेवढा नाही, बेबी. तो डबीत राहील. डबीतून बाहेर येणार नाही."

चहा कुणी धड प्यायलं नाही. तेवढ्यात भाचीने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. नोटिशीचं तिने घरी ऐकलं होतं. आत कापसावर पहिला लोळोबा. साखरेचा लगदा सुकला की दगड होतो. रंग पिवळट पडलेला, पण कान तसाच पडलेला. "मामी, हा दे ना त्या वकीलकाकूला. परत आणायचा मात्र."

 डबा घेऊन दुसऱ्या दिवशी मावशी वकीलबाईच्या कचेरीत गेली. वकीलबाईने लोळोबा उलटासुलटा करून पाहिला.

"छान आहे. यावर तारीख आहे का?"

"पायावर गोंदवून घ्यायला विसरला तो," मावशी म्हणाली.

तेवढ्यात दारात बेबी उभी. कचेरीतून अर्धी रजा टाकून आली होती, ओठ घट्ट मिटलेले. "फोटो मी देणार नाही," ती खुर्चीत बसत म्हणाली. "पण मी तिथे होते. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. चालतं ना?"

"चालतं. नातेवाइकाची साक्ष म्हणून थोडी लंगडी, पण पुरावा अजिबात नसण्यापेक्षा बरी. नोटरीपुढे शपथेवर द्यावी लागेल." वकीलबाईने पेन उचललं. "केक कुणी केला? कुठे? कोण कोण हजर होतं?"

बेबीने सांगितलं. सगळ्यांची नावं सांगितली, त्याचंही. नाव घेताना आवाज हलला नाही. हात मात्र मावशीचा पदर चुरगळत होता, आणि मावशीने तो चुरगळू दिला.

"आणि लोळोबा हे नाव कुणी ठेवलं?"

बेबी थांबली. "त्याने."

वकीलबाईने कपाळाला हात लावला. "म्हणजे आता नावावर त्याचा हक्क?"

"त्याच्याकडे दुसरं काही ठेवलेलं नाही मी," बेबी म्हणाली. "हेही ठेवणार नाही. लिहा, सगळे हसत होते, कोण आधी म्हणालं ते आठवत नाही."

"मला आठवतंय," मावशी म्हणाली. "भाची म्हणाली."

वकीलबाई दोघींकडे बघत राहिली. "शपथेवर आहे हं हे," ती म्हणाली, आणि नावाचा प्रश्नच खोडून टाकला. "पडलेल्या कानावर भांडण आहे. नावाचं कुणी विचारलेलंच नाही." बाहेर पडल्यावर मावशी पुटपुटली, खोटं लिहिलं गेलं नाही ही देवाचीच कृपा.

साक्ष दुकानाच्या वकिलाला गेली, आणि त्याचं उत्तर आलं ते अगदी गोड भाषेत. आपल्या भावनांचा आदर राखून, कोणताही हक्क मान्य न करता, आमचे अशील सद्भावनेने आपणांस सदर पात्र घरगुती स्वरूपात बनवण्याची परवानगी देत आहेत. खाली सही करावी.

"सही करून टाका, ताई," वकीलबाई म्हणाली. "जिंकलात तुम्ही. मोठी माणसं याहून जास्त वाकत नाहीत."

"माझ्याच लेकराला मी कडेवर घ्यायची, आणि परवानगी यांची?"

"लढायचं म्हटलं तर वर्षं जातील."

मावशीला वर्षं जाणं म्हणजे काय ते ठाऊक होतं, आणि ओव्हन थांबणंही परवडणारं नव्हतं. पण पेन काही उघडवेना. "मग असं करा," ती म्हणाली. "त्यांना लिहा, मीसुद्धा सद्भावनेने, कोणताही हक्क न सोडता, त्यांना लोळोबा बनवण्याची परवानगी देते. दुकानी स्वरूपात. खाली सही करावी."

वकीलबाई आधी हसली, मग हसायची थांबली, आणि लिहू लागली.

त्या पत्राला अजून उत्तर नाही. दुसरी नोटीसही नाही. रोज दार वाजलं की मावशी हातातला कोन बाजूला ठेवून धावते, आणि दार उघडून बघावं तर दूधवाला. भाचीचा डबा परत गेला. फोटो डबीत आहे. बेबीने पुन्हा विचारलेलं नाही, मावशीनेही काढलेला नाही.

परवा एक नवीन बाई आली, आळीत नव्याने राहायला आलेली. तिने फोन पुढे केला. पडद्यावर काचेच्या दुकानातला स्लीपी, पोटावर पालथा.

"असाच हवाय. त्यांच्याकडे महाग पडतो. जमेल ना तुम्हाला? कान जरा अवघड आहे, तो नीट बघून घ्या."

मावशीने फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि कान नीट बघून घेतला.

"बघते प्रयत्न करून," ती म्हणाली. "वर काय लिहायचं?"

"थोडंसंच लिहायचंय," बाई म्हणाली.