बहिणीकडे पायी

माझी धाकटी बहीण शिंगणापुरात दिलेली. राहुरीतल्या माझ्या घरापासून तिचं घर तीसएक किलोमीटर. 'शिंगणापूर, शिंगणापूर' ओरडत जीपा आमच्या घरावरून जातात. बसलं की तासाभरात उतरवतात. मला मात्र तिथं पोचायला दोन वर्षं लागली.

दोष माझाच. आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा बहीण उगाच घाबरेल म्हणून मी तिला कळवलं नाही. खरं तर मला तिची रडारड नको होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. पाहुण्यांनी घाई केली, मीही मान डोलावली, आणि बहीण पोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परतत होतो. ती अंगणातच उभी राहिली. पाण्याचा तांब्या पुढे केला तर तिनं घेतला नाही.

"हातात मोबाईल हुता, दारात गाडी हुती, तरी आईचं तोंड बघू दिलं न्हाई तू," ती म्हणाली. "आता माझ्याकडं यायचं तर पायी ये, दादा. गाडीत बसून आलास तर मी बोलनार न्हाई."

नंतर दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. मग मीही हट्टाला पेटलो. पायी तर पायी. पण जन्मभर खुर्चीत बसून कारकुनी केलेली, वर शुगर आणि वाजणारे गुडघे. पहिल्या दिवशी कॅनॉलपर्यंत जाऊन आलो आणि दोन दिवस जिना उतरता आला नाही. बायको म्हणाली, "लोक चंद्रावर जाऊन आले, तुमची अजून तयारीच चाललीय."

रोज पहाटे चालायचं आणि दर रविवारी शिंगणापूरच्या रस्त्यानं थोडं पुढं जायचं, असं ठरवलं. जिथं पाय थकतील तिथून जीपनं परत. अंथरुणातून उठायचा कंटाळा यायचा. लोक म्हणतात मायेनं माणूस चालतो. मला राग उठवायचा. तिच्यासमोर ताठ उभं राहून 'आलो बघ' म्हणायचं, एवढंच डोक्यात असायचं. माफी मागायची आहे, हे मी स्वतःलाही सांगत नव्हतो. पावसाळ्यात खंड पडला, एकदा तळपायाची जखम दोन महिने भरली नाही, पुन्हा कॅनॉलपासून सुरुवात. दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी अर्ध्या वाटेवरच्या ब्राह्मणी गावाच्या पुढे जाऊ लागलो. तेव्हाच भाच्याचा फोन आला. "मामा, आईला बरं न्हाई. जेवन तुटलंय. ती म्हनती, आता गाडीनं आला तरी चालंल."

त्याच वेळी जीपला हात करायला हवा होता. पण इतकं चाललो, आणि आता तिच्या दयेवर जायचं? मी म्हणालो, "आईला सांग, उद्या चालतच येतो."

पहाटे निघालो. शनीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या अंगावर धूळ उडवत जात होत्या. ब्राह्मणीत होतो तेव्हा भाच्याचा फोन आला, "कुठवर आलात, मामा?" मी गावाचं नाव ऐटीत सांगितलं. सोनईत पोचलो तर पुन्हा तोच प्रश्न. तिथून तिचं घर दीड तासावर राहिलं होतं. पण डावा पाय ओढत होता, आणि तिच्यासमोर मला लंगडत जायचं नव्हतं. "सोनईत आहे, आता पोचतोच," म्हणून फोन ठेवला आणि एका हॉटेलच्या बाकावर पाय वर करून तासभर बसलो. चहा घेतला, पिशवीतला इस्त्रीचा सदरा चढवला. नंतर फोन आला नाही. बरं वाटलं.

शिंगणापुरात घरांना दारं नसतात. बहिणीच्या घरीही नुसता पडदा. बाहेर उभं राहून हाक मारायची, आतून 'या' म्हणाले की शिरायचं. ती 'ये' म्हणेल की नाही, याचाच विचार करत गल्लीत वळलो. पडदा वर खोचून ठेवला होता. अंगणात बायका बसल्या होत्या.

भाचा उठून आला. "अर्धा तास झाला, मामा," तो म्हणाला. "सकाळपासून एकच इचारत हुती, दादा कुठवर आला. मी म्हनलं गाडी धाडतो, तर न्हाई म्हनली. चालत येतोय तर येऊ दे म्हनली. तुमी सोनईत हाय म्हनल्यावर हसली. मंग लई येळ दाराकडं बघत हुती."

मी हाक न मारताच आत गेलो. ती भिंतीशी निजवलेली होती. चार पावलं चालून तिच्याजवळ गेलो. लंगडत नव्हतो.