गौरीचा पूल

दुर्गे,

इथल्या मराठी समाजाच्या वार्षिक अंकासाठी ‘आपल्यातलं एक माणूस’ म्हणून कुणावर तरी लिहून द्या, असा संपादक चिंतामणरावांचा फोन आला. मी म्हटलं, दुर्गावर लिहिते. तर म्हणाले, “तिचा अजून कुठे सत्कार नाही, काही नाही.” मी म्हटलं, म्हणूनच. एकदा शाल-श्रीफळ झालं की माणसाबद्दल खरं लिहिण्याची सोय राहत नाही.

आणि हे तुलाच उद्देशून लिहिते. तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल बोलायला लागले की माझा सूर गोड होतो, तो मला सहन होत नाही. तू हे जुळवत जुळवत वाचशील, ठाऊक आहे. सगळं शिक्षण हिंदीत. अक्षरं तीच, पण मराठी मजकूर समोर आला की तुझी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. थांबू दे. मी काही सोपं करून लिहिणार नाही.

तुला न ओळखणाऱ्यांसाठी थोडं सांगून टाकते. दुर्गा देवासची. टेकडीखाली तिच्या वडिलांचं, गणोजींचं, टेंट हाउस आहे. लग्नामुंजींना मांडव, गाद्या, भांडी भाड्याने देतात. दुर्गा सिव्हिल इंजिनिअर, देवासच्याच एका कॉलेजात शिकवते. चण बारीक, आवाज दांडगा. स्कूटरचा हॉर्न कधीचा बंद पडलाय, तो दुरुस्त करायचा सोडून ही बाई भर बाजारात “भियाऽऽ, बाजू!” असं ओरडत जाते. आणि दर मे महिन्यात धारला समाजाच्या धर्मशाळेत आठवी ते अकरावीच्या मुलांचं निवासी शिबिर घेते. इंजिनिअरिंगचं. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, हाताने काहीतरी बांधायचं आणि ते चालतं की नाही हे सगळ्यांसमोर बघायचं.

पहिली काही वर्षं शिबिरात मुलगेच असत. मुली दिवसा यायच्या आणि चहाच्या वेळेला कुणीतरी न्यायला उभं. खरी मजा संध्याकाळनंतर सुरू व्हायची, वाद, भांडणं, पुन्हा मोडून पुन्हा जोडणं, आणि मुली तेव्हा घरी पोळ्या लाटत असायच्या. तुला ते खुपायचं. का खुपायचं, ते तू मला एकदाच सांगितलंस, तेही स्कूटरवर, म्हणजे मागे बसलेल्या मला निम्मं वाऱ्यातून गोळा करावं लागलं. तू दहावीत असताना इंदूरला अशाच एका शिबिरात गेली होतीस. मालाची उचल करणारी छोटी क्रेन बांधली होतीस. ती चालवून बघायच्या आदल्या दिवशी गणोजी दारात उभे. तुझी आजी घरात म्हणाली होती, पोरगी परक्या ठिकाणी झोपते हे बरं दिसत नाही. तू पिशवी उचललीस आणि निघालीस.

“क्रेनने वजन उचललं की नाही, मला आजपर्यंत माहीत नाही, मावशी,” तू म्हणालीस. “बस, एवढंच. बाकी काही दुःख नाही.”

म्हणून तुला मुली शेवटच्या दिवसापर्यंत राहायला हव्या होत्या. तुझा सगळा हट्ट एवढ्यावर होता.

मग एका वर्षी तू घरोघर फिरून मुली मिळवल्यास. प्रत्येक घरी एकच प्रश्न: रात्री त्यांच्याजवळ कोण? तू प्रत्येक ठिकाणी माझं नाव ठोकून दिलंस आणि मग मला विचारायला आलीस.

“मावशी, तुम्हाला फक्त मुलींच्या हॉलमध्ये झोपायचंय.”

“मी घोरते.”

“उलट बरं. पालकांना खात्री पटेल.”

अशी मी तुझ्या शिबिरात भरती झाले. गाद्या गणोजींनी स्वतः टेम्पोतून आणल्या. मुलींच्या हॉलमधल्या गाद्या त्यांनी दुसऱ्या कुणाला उचलू दिल्या नाहीत. प्रत्येकीवर ताणून चादर घातली, कोपरे आत खोचले, आणि तुझ्याकडे न बघता निघून गेले. तूही मान खाली घालून काड्यांचे गठ्ठे मोजत राहिलीस. तुम्ही बापलेक सारखेच.

काम होतं पुलाचं. आइस्क्रीमच्या काड्या, गोंद आणि दोरा, बाकी काही नाही. दोन टेबलांमध्ये पूल टाकायचा, मध्यभागी बादली टांगायची आणि तिच्यात वजन घालत जायचं, पूल मोडेपर्यंत. ज्याचा पूल जास्त पेलेल तो गट जिंकला. मुलांच्या गटाचा पुढारी शार्दूल. त्यांचा पूल रंगवलेला, कमानी-बिमानी, वर झेंडा. मुलींच्या गटात आरोही आणि चिऊ ही मुख्य भांडणारी जोडी. आरोही बदनावरची, मोजूनमापून बोलणारी. चिऊ धारचीच, तिचं तोंड दुपारच्या झोपेतसुद्धा चालू. दोघींनी आधीचे दोन पूल स्वतःच मोडून टाकले आणि तिसरा बांधायला घेतला. तो दिसायला काही नव्हता, नुसते त्रिकोणावर त्रिकोण. पण चिऊ मला सांगायची, “आजी, ये दिखने का नहीं है, ये टिकने का है.”

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि बदनावरच्या आजींचा फोन आला.

या आरोहीच्या आजी. त्यांच्या यजमानांची मंडीत सोयाबीनची आडत, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, अक्षय्य तृतीया आली, चैत्रगौरीचं हळदीकुंकू घरी आहे, पोरगी घरी पाहिजे. त्या साली तृतीया मे महिन्यात आली होती, नेमकी तुझ्या पुलाच्या परीक्षेच्या दिवशी. आजींचं ऐकून दुसऱ्या घरांनाही आठवण झाली की आपल्याकडेही गौर बसली आहे. दुपारपर्यंत निम्म्या मुलींना बोलावणं आलं. तू धर्मशाळेच्या पायरीवर बसून डोक्याला हात लावलास. तुला तसं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग एकदम उठलीस.

“मावशी, तुमच्याकडे गौर आहे ना? पितळेची?”

“अन्नपूर्णा आहे. का?”

“मुली गौरीसाठी घरी जाणार ना? मग गौर इथे आणू. तृतीयेच्या आदल्या दिवशी इथे हळदीकुंकू. सगळ्या आयांना, आज्यांना बोलवायचं. गौर नाही का महिनाभर माहेरी राहत? मग पोरी आठ-दहा दिवस राहिल्या तर कुणाचं काय गेलं?”

हे तू बदनावरच्या आजींनाही फोनवर ऐकवलंस. त्या म्हणाल्या, “येते. बघते. मनाला पटलं तर राहील, नाही तर संध्याकाळी माझ्याबरोबर परत.”

मग काय विचारतेस! नाही, तुला काय सांगायचं, तूच तर पळत होतीस. कैऱ्या किसल्या, डाळ वाटली, हरभरे भिजले, पन्ह्यात वेलदोडा जास्त की केशर जास्त यावर स्वयंपाकाच्या महाराजांचं आणि माझं वाजलं. मुलांनी कलिंगडं कापली आणि निम्मी खाल्ली. चिऊने चैत्रांगण काढलं, त्यात सूर्य-चंद्र, कासव, तुळस सगळं आलं आणि एका कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हरही आला.

आता अडलं झोपाळ्यापाशी. माझा गौरीचा झोपाळा कडीला टांगायचा. धर्मशाळेच्या छताला कडीच नाही. पाहुण्या फाटकात आलेल्या, गौर माझ्या हातात, आणि तू घाईत म्हणालीस, “अरे, पुलाला टांगा ना! मुलींच्या. तेवढीच सवय होईल त्याला.”

टांगला. आणि खरं सांगते, फार सुंदर दिसला. दोन टेबलांवर जरीची वस्त्रं, मध्ये तो काड्यांचा पूल मोगऱ्याच्या माळांनी झाकलेला, खाली झोपाळ्यात अन्नपूर्णा हलतेय. बायका आल्या त्या तिथेच खिळल्या. बदनावरच्या आजींनी चष्मा पुसून पाहिलं. “हे पोरींनी केलं? स्वतः?” आरोही मान हलवते नुसती. आजींनी गौरीला हळदकुंकू वाहिलं, मग हात वर करून पुलालाही बोट लावलं. त्यांचं बघून प्रत्येकीने लावलं. पूल लाल-पिवळा झाला. पन्ह्याचे पेले फिरले, नावं घेण्याचा आग्रह झाला. आजी खुर्चीत रेलल्या आणि म्हणाल्या, “आरोही, राहा हो उद्यापर्यंत.”

तू माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेस. जिंकलो, असं तुला वाटलं.

आणि चिऊ, आनंदाच्या भरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी: “आजी, कल देखना तुम! कल हम इसको तोडेंगे!”

सगळ्या बायकांचे चमचे थांबले.

“काय तोडणार?” आजींनी विचारलं.

“पूल! बादली लटकाएंगे, वजन डालेंगे, डालते जाएंगे, फिर कडाड्!” तिने आवाजासकट करून दाखवलं.

आजी उठून उभ्या राहिल्या. “देवीचा झोपाळा? ज्याला आत्ता कुंकू लावलं, तो उद्या मोडणार? आणि आमच्या पोरी मोडणार? आरोही, पिशवी भर.”

मग इतर आयाही उठल्या. कुणी म्हणे अपशकुन, कुणी म्हणे आधी सांगायला हवं होतं. आरोही जागची हलली नाही, पण तिचे डोळे भरले होते. शार्दूलने मदत म्हणून “आजी, साइन्स है ये” असं म्हणून पाहिलं; त्याला तुम्ही मुलग्यांनी मध्ये बोलू नका, असं चार तोंडांनी सांगण्यात आलं. मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही फळा आणून ताण आणि दाब समजावणार, आणि संपलं सगळं.

तू आजींसमोर जमिनीवर बसलीस.

“आजी, गौर कधी उठवायची असते?”

“तृतीयेला. उद्या. एवढंही माहीत नाही?”

“मला घरचं फारसं येत नाही, आजी, म्हणून विचारते. उठवतात म्हणजे काय करतात?”

“अक्षता टाकायच्या, पुन्हा ये म्हणायचं, आणि हलवायची.”

“आणि ती ज्या पाटावर बसते, त्याचं काय?”

“पाटाचं काय? पुसायचा आणि घ्यायचा जेवायला.”

“त्यावर बसून जेवतो आपण? देवीच्या पाटावर?”

शंभर घरांच्या पूजा पाहिलेली बाई, त्यांना कळलं तू कुठे नेऊन बसवलंस ते. बाकी बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या म्हणाल्या, “फार शहाणी आहेस.” मग आरोहीकडे वळून, “पिशवी ठेव. पण अक्षता मी टाकणार. माझ्या हाताने. बाकी कुणी हात लावायचा नाही.”

म्हणजे त्यांना राहणं आलं. सुनेला फोन करून घरचं हळदीकुंकू तिच्यावर सोपवलं आणि त्या राहिल्या. माझ्या शेजारच्या गादीवर झोपल्या आणि सकाळी मला म्हणाल्या, “तुम्ही घोरता हो.”

तृतीयेला सकाळी बाकीच्या बायका पुन्हा जमल्या, आजींनी अक्षता टाकल्या, गौरीला पुन्हा यायला सांगितलं, झोपाळा सोडवला, ओल्या फडक्याने पूल पुसला. कुंकू काही पूर्ण गेलं नाही. मग मागे सरकून म्हणाल्या, “आता काड्या आहेत. चालू द्या तुमचं.” पण बादलीत रेती घालायला मात्र त्यांनी नकार दिला. सणाच्या दिवशी रेती कसली, गहू घाला. महाराजांच्या कोठीतून लहानसं पोतं आलं.

मुलांचा पूल आधी. कमानी, झेंडा, सगळा डौल. थोडेसे गहू पडले आणि झेंड्यासकट बसला. शार्दूल म्हणाला, “भिया, अपना तो गया,” आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

मग मुलींचा. आरोही मापाने गहू घालत होती, चिऊ डोळे मिटून “मत टूट, मत टूट” म्हणत होती. पोतं अर्धं झालं. आया जवळ सरकल्या. पोतं संपलं! महाराज ओरडले, “बाई, पुरीचे गहू आहेत ते!” कुणी ऐकेना. कुणीतरी नारळ ठेवला, कुणी आंबे. बायका रांग लावून बादलीत ओटी भरल्यासारखं भरत होत्या. पूल कुरकुरला, वाकला, आणि थांबला. आजींनी आपला पितळी पानाचा डबा काढला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि बादलीत ठेवला.

कडाड्.

गहू, आंबे, सुपाऱ्या सगळ्या हॉलभर. मुली किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि आजी डबा उचलायचा सोडून गुडघे टेकून काड्या बघायला बसल्या. “कुठून गेला गं? हे बघ, इथून सुटला. इथे गोंद कमी पडला तुमचा. पुढच्या वर्षी इथे दोन काड्या लावा.”

पुढच्या वर्षी! तू ऐकलंस ना? तू दाराशी उभी होतीस, गणोजी गाद्या न्यायला आले होते, तेही उभे होते. ते तुला हळूच म्हणाले, “मोडला का?” तू म्हणालीस, “मोडला, बाबा. पोरींनी पाहिला.” त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग गाद्यांकडे गेले.

आता मुलींचा हॉल लहान पडतो. बदनावरच्या आजी फोन करून तारीख विचारतात.

एक मात्र राहिलं. जाताना आजींनी त्या मोडक्या काड्या लाल फडक्यात बांधून आपल्या दोघींच्या स्वाधीन केल्या. कुंकू लागलेल्या आहेत, कचऱ्यात नको, खलघाटला जाऊन नर्मदेत सोडा, म्हणाल्या. आपण दोघींनी हो म्हटलं. मग एका रविवारी तुझ्या परीक्षेचे पेपर होते, एका रविवारी माझे गुडघे. एकदा निघालोही, तर तू म्हणालीस, नर्मदेत गोंद कशाला सोडायचा? बरं, मग जमिनीत पुरू, म्हटलं, तर म्हणालीस, आधी नव्या मुलींना तो सुटलेला जोड दाखवते. दाखवलास. परत बांधलास. आजी विचारतात तेव्हा आपण दोघी तुझ्या स्कूटरच्या हॉर्नबद्दल बोलायला लागतो. गाठोडं माझ्या देवघराखालच्या फडताळात आहे. या रविवारी येतेस का?