हलेल त्याचं अक्षर

शिरूरला एसटी स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ. तालुक्यातल्या माणसांना ‘हलू नका’ सांगण्यात माझं उभं आयुष्य गेलं. २००४ साली वरच्या मजल्यावर मांडवगण फराटा गावच्या बिरदेवनं कॉम्प्युटर क्लास काढला आणि माझ्याच डोक्यावर नेमकं उलटं काम सुरू झालं.

त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला होता. कॅमेऱ्यासमोर माणूस बसला की पडद्यावर त्याचं चित्र अक्षरांनी उमटायचं. माणूस हसला की अक्षरंही हसायची. पण त्याचा जुना कॉम्प्युटर एवढी अक्षरं काढताना धापा टाकायचा. मग बिरदेवनं युक्ती केली : जेवढं हलेल तेवढ्याचीच अक्षरं काढायची, बाकीचं कोरं. माशी उडाली तरी अक्षर उमटायचं आणि माणूस शांत बसला की गायब व्हायचा. हा फोटोचा सरळ अपमान होता आणि मी तसं तोंडावर सांगितलं.

“मामा, तुमी खाली थांबवा, मी वर हालवतो,” तो म्हणाला. पोरगं उद्धट नव्हतं, याचाच जास्त राग यायचा.

त्याच साली त्याच्या वडिलांना, मल्हारीआबांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात मांडीवर ठेवला की तसाच राहायचा. डॉक्टरांनी रोज बोटं हलवायचा प्रयत्न करायला सांगितलं होतं. आबांनी काही दिवस केला आणि सोडून दिला.

“हालत न्हाई तर हालवू कशाला?” ते म्हणायचे. बिरदेव तेवढा रोज सांगत राहिला आणि रोज शिव्या खात राहिला.

एकदा दवाखान्यातून परतताना त्यानं आबांना क्लासवर आणलं. खुर्चीसकट जिना चढवायला मला हाक मारली. कॅमेरा दिसताच आबांनी टोपी सरळ करून घेतली, छाती काढली, श्वास रोखला. माझ्याच स्टुडिओतलं वळण. पडदा कोरा.

“मी कुठं हाय?” आबांनी विचारलं. तोंडाच्या जागी अक्षरं आली आणि तोंड मिटताच गेली.

“हालल्याबिगर दिसत न्हाई, आबा. उजवं बोट हालवा.”

“न्हाई हालत.”

“कितीबी बारीक हालू द्या. ह्याला कळतं.”

आम्ही तिघंही हाताकडं बघत होतो, म्हणून तो हलला नाही हे मी शपथेवर सांगू शकतो. पडद्यावर मात्र, डोळ्याच्या कोपऱ्याला दिसेल असा, मांडीच्या जागी एक ‘र’ आला आणि गेला.

“पंख्याची हवा,” मी म्हणालो. “धोतर हललं असेल.” खोटी आशा दाखवणाऱ्या माणसांची मला चीड आहे.

बिरदेवनं पंखा बंद केला, खिडकी लावली, धोतराचा सोगा आबांच्या मांडीखाली खोचला.

“आता पुन्यांदा.”

आधी आबांचं कपाळ उमटलं, मग आवळलेले ओठ. बराच वेळ तेवढंच. मग खाली, एकटाच, ‘र’. विझला. परत आला, आणि शेजारी दुसरा.

“त्ये खालचं काय हाय?” आबांना वाचता येत नव्हतं.

“तुमचं बोट,” बिरदेव म्हणाला.

आबा एकदम ताठ झाले. छाती बाहेर, नजर समोर, फोटोत बसावं तसे. पडदा पुन्हा कोरा.

मला राहवलं नाही. “आबा, थांबू नका,” मी ओरडलो. “हलवा. हलवा की!”